तेल कोणाचे आणि आग कोणाची : रास ईसाच्या जहाजाचा धडा

आपल्या मराठवाड्यात चाऊस आडनावाची अनेक घराणी आहेत. निजामाच्या फौजेत नोकरीसाठी त्यांचे पूर्वज येमेनच्या हद्रामौत भागातून आले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. जालना १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे येमेन हे नाव आपल्या बाजाराला अगदीच परके नाही. त्याच येमेनच्या पश्चिम किनाऱ्यावर, तांबड्या समुद्रात, एक जुने जहाज अनेक वर्षे तेलाने भरलेले उभे होते. ते फुटेल की जळेल, या धास्तीत अर्धे जग होते. त्या तेलावरून दोन सरकारे भांडत होती आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे अधिकारी एका दारातून दुसऱ्या दारात फेऱ्या मारत होते. मी कपड्याचा व्यापारी आहे, तेलाचा नाही. पण ही हकीकत वाचताना मला पदोपदी आपली गोदामे, आपल्या भागीदाऱ्या आणि आपले विम्याचे कागद आठवत राहिले. म्हणून आज या पानावर तिचा थोडा सविस्तर अभ्यास करू.

जहाजाचे नाव ‘साफेर’. ते १९७६ साली जपानमध्ये बांधले गेले, तेव्हा त्याचे नाव ‘एस्सो जपान’ होते. १९८७ मध्ये त्याचे रूपांतर तरंगत्या गोदामात करण्यात आले आणि पुढच्या वर्षी ते हुदैदा बंदराच्या उत्तरेला, रास ईसासमोर, किनाऱ्यापासून काही मैलांवर कायमचे नांगरून ठेवले. आतल्या मारिब भागातून निघणारे कच्चे तेल पाइपलाइनने तेथे यायचे, या जहाजात साठायचे आणि गिऱ्हाइकांच्या टँकरमध्ये भरले जायचे. आपल्या भाषेत सांगायचे तर ती एक अडत होती, फक्त पाण्यावरची. जहाजाची साठवण तीस लाख पिंपांची. २०१५ साली येमेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा त्यात सुमारे ११ लाख ४० हजार पिंपे तेल होते. एका पिंपात १५९ लिटर धरले तर अठरा कोटी लिटर होतात. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे जहाज फुटून जगभर हाहाकार उडाला होता. त्या वेळी सांडले त्याच्या जवळजवळ चौपट हा माल.

युद्ध लागले आणि दुरुस्ती थांबली. जहाजावर बोटांवर मोजण्याइतके खलाशी उरले.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सगळा धोका तिच्यातच आहे. तेलाच्या टाकीत तेल पेट घेते त्याआधी तेलावरची वाफ पेट घेते. टाकी पूर्ण भरलेली नसली की वरच्या रिकाम्या जागेत वाफ साठते. तिच्यात हवा मिसळली की ठिणगीची वाट पाहणारा बाँब तयार होतो. म्हणून टँकरवर बॉयलरचा धूर धुऊन, थंड करून टाकीत सोडतात. त्या धुरात प्राणवायू फार थोडा असतो, त्यामुळे वाफ पेटू शकत नाही. याला इनर्ट गॅस म्हणतात. आता बॉयलर चालायला इंधन लागते आणि इंधनाला पैसा. ‘साफेर’चा बॉयलर बंद पडला आणि टाक्यांवरचे ते संरक्षण गेले. पोटात अठरा कोटी लिटर तेल, पण स्वतःची चूल पेटवायला इंधन नाही, अशी त्या जहाजाची अवस्था झाली. शिवाय त्याचे कवच एकपदरी होते. लोखंडाचा एक पत्रा, त्याच्या एका बाजूला तेल आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी. मे २०२० मध्ये इंजिन घरातील एक पाइप फुटून समुद्राचे पाणी आत शिरले. पाणबुड्यांनी उतरून ती गळती कशीबशी थांबवली.

बंदरातल्या धोक्याची ही चर्चा परदेशातली म्हणून सोडून देण्यासारखी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत काय झाले हे आपले बुजुर्ग सांगत असत. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडहून सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके घेऊन निघाले. सोबत सोन्याच्या विटाही होत्या. वाटेत कराचीला त्यात आठ हजारांहून अधिक कापसाच्या गाठी आणि वंगणतेलाची पिंपे चढवली गेली. कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात! जिनिंगमध्ये काम केलेला कोणीही माणूस हे ऐकून कानाला हात लावील. कापसाच्या गाठीची आग ज्वाळा दाखवत नाही, ती आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारले तरी पोटातला निखारा तसाच राहतो. दुपारी आग दिसली, पंप लागले, जहाजात शेकडो टन पाणी ओतले गेले. पण जहाज बाहेर समुद्रात न्यावे, जागच्या जागी बुडवावे, की आग विझवत राहावे, यावर निरनिराळ्या अधिकाऱ्यांची निरनिराळी मते होती, आणि सर्वांना बांधील ठरेल असा एकच हुकूम वेळेवर कोणी दिला नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. आठशे ते तेराशे माणसे गेल्याचे निरनिराळे अंदाज आहेत. जळत्या कापसाचे लोळ वस्त्यांवर पडले आणि ऐंशी हजारांच्या आसपास लोक बेघर झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्याच स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. स्फोटके असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असा रिवाज होता. युद्धकाळात गुप्ततेसाठी तो लावला गेला नाही. म्हणजे शेजारच्या जहाजांना आणि गोदीतल्या हमालांना आपण कशाजवळ उभे आहोत याचा पत्ताच नव्हता.

रास ईसाला मात्र पत्ता सर्वांना होता. लपवाछपवी काही नव्हती. २०१८ सालीच दोन्ही पक्षांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे मदत मागितली होती. मग पाच वर्षे का लागली?

दोन कुलपांचे गोदाम

उत्तर देण्याआधी घरची एक गोष्ट सांगतो. बरीच वर्षे झाली, आमच्या दुकानाच्या भिंतीला लागून दोघा भागीदारांचे कपड्याचे गोदाम होते. नावे सांगत नाही, एक आज हयात नाही. दोघांत हिशेबावरून फाटले. एकाने कुलूप लावले, दुसऱ्याने त्यावर आपले कुलूप लावले. आत लट्ठा, मांजरपाट आणि चादरींच्या गाठी, छताला जुनी वायर आणि कोपऱ्यात गळती. पहिला म्हणायचा, आधी माल मोजा. दुसरा म्हणायचा, आधी मागचा हिशेब द्या. मी एकाकडे गेलो की तो म्हणे, छत दुरुस्त करायला माझी ना नाही, पण त्याचे कुलूप आधी काढायला सांगा. दुसऱ्याकडे गेलो की अगदी तेच उत्तर, नाव तेवढे बदललेले. दोघेही माझ्याशी फार अदबीने बोलत. पावसाळ्यात त्यांच्या भिंतीची ओल माझ्या भिंतीत आली आणि माझे सहा तागे खराब झाले. रात्री मला विजेच्या वायरीची स्वप्ने पडत. त्या भांडणात माझा एक रुपयाही नव्हता, पण आग लागली असती तर पहिले दुकान माझे जळले असते.

आता रास ईसाकडे पाहा. जहाज येमेनच्या सरकारी तेल कंपनीच्या मालकीचे. पण राजधानी सना, हुदैदा बंदर आणि तो सगळा किनारा हुथींच्या ताब्यात. जगाने मान्य केलेले सरकार दुसरीकडे. तेल आमचे, असे दोघेही म्हणत. काही कोटी डॉलरचा तो माल विकून येणारा पैसा कोणत्या खात्यात जावा, यावर गाडी अडली. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रसंघाचे तपासनीस यंत्रसामग्री घेऊन समोरच्या जिबूतीत येऊन थांबले, आणि ऐनवेळी परवानगी नाकारली गेली. जुलै २०२० मध्ये सुरक्षा परिषदेने या एकाच जहाजासाठी खास बैठक घेतली. नोव्हेंबर २०२० मध्ये हुथींनी लेखी संमती दिली, पुढे २०२१ मध्ये नव्या अटी निघाल्या, आधी फक्त तपासणी की तपासणीबरोबर दुरुस्तीही यावर वाद झाला आणि मामला पुन्हा तिथेच. प्रत्येक पत्रात दोन्हीकडून सुरक्षिततेची काळजी व्यक्त होत होती. परंतु जहाज ज्याच्या हातात त्याला ते सौदेबाजीचे नाणे वाटत होते, आणि ज्याच्या हातात नाही त्याला ते विरोधकावर ठेवायचा ठपका. माझ्या दोन्ही शेजाऱ्यांची बोली मला त्या पत्रांत ऐकू आली.

ओल मात्र तिसऱ्याच्या भिंतीत जाणार होती. येमेन आपल्या खाण्यातले बहुतांश धान्य बाहेरून आणतो, आणि उत्तरेकडच्या लोकांचा गहू व औषधे हुदैदा आणि सलीफ या बंदरांतून उतरतात. तेल सांडले असते तर ही बंदरे बंद पडली असती, किनाऱ्यावरच्या मासेमारांची जाळी कायमची सुकली असती. नुसत्या सफाईचा खर्च २० अब्ज डॉलर येईल असा राष्ट्रसंघाचा अंदाज होता. काही कोटींच्या मालासाठी अब्जावधीचा धोका, हा हिशेब कोणत्याही मुनिमाने एका मिनिटात केला असता.

माल हलवा, मालकी नंतर

आमच्या गोदामाचा तंटा कसा सुटला, तेही सांगून टाकतो. बाजारातले दोन बुजुर्ग मधे पडले. त्यांनी हिशेबाचा विषयच काढला नाही. म्हणाले, माल कोणाचा हे कोर्ट ठरवील, आम्हाला त्यात पडायचे नाही. पण माल या छताखाली राहणार नाही. पंचनामा करा, गाठी मोजा, तिसऱ्याच्या गोदामात अमानत म्हणून ठेवा, दोघांच्या सह्या घ्या. एका दिवसात काम झाले. हिशेबाचा दावा पुढे किती तरी वर्षे चालला, पण त्यानंतर मी शांत झोपलो.

५ मार्च २०२२ रोजी राष्ट्रसंघ आणि हुथी यांच्यात जो करार झाला, त्याचे तत्त्व हेच होते. जुने जहाज दुरुस्त करण्याचा नाद सोडायचा. दुसरे धड जहाज आणून तेल त्यात भरायचे. तेल कोणाचे आणि विकायचे कधी, हा विषय बाजूला ठेवायचा. अदनमधील सरकारनेही याला पाठिंबा दिला. राष्ट्रसंघाच्या बाजूने डेव्हिड ग्रेस्ली या अधिकाऱ्याने ही बोलणी पुढे रेटली.

मग पैशाचा प्रश्न आला. सगळ्या योजनेला १४ कोटी ४० लाख डॉलर, त्यातले ८ कोटी पहिल्या तातडीच्या टप्प्याला. मे २०२२ मध्ये हेग येथे नेदरलँड्सच्या पुढाकाराने देशांची बैठक झाली, पण वर्गणी पुरेना. २० अब्जांचे नुकसान टाळण्यासाठी आठ कोटी गोळा करताना श्रीमंत देशांना महिनोन्‌महिने लागले, हे वाचून मला आपल्या बाजारातली फायर पंपाची वर्गणी आठवली. शेवटी राष्ट्रसंघाने सामान्य लोकांपुढेही झोळी पसरली. ऑगस्ट २०२२ मध्ये येमेनच्याच हायेल सईद अनाम या व्यापारी घराण्याच्या उद्योगसमूहाने १२ लाख डॉलर दिले. या कामाला मोठी रक्कम देणारी ती पहिली खासगी पेढी. हा समूह गहू आणि खाद्यपदार्थांच्या धंद्यातला. बंदर बंद पडले तर आपली गिरणी बंद पडेल, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसणार. व्यापाऱ्याने असल्या कामात पैसा घालावा की नाही, याची चर्चा करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

तोवर युक्रेनच्या युद्धामुळे जुन्या टँकरांचे भावही चढले होते. मार्च २०२३ मध्ये ‘नॉटिका’ नावाचा टँकर साडेपाच कोटी डॉलरला विकत घेतला गेला. मे अखेरीस डच कंपनीची माणसे जहाजावर चढली. त्यांनी सर्वांत आधी टाक्यांत इनर्ट गॅस भरला, म्हणजे ते मोडलेले संरक्षण पुन्हा उभे केले. पत्रे तपासले, पंप बसवले. आणखी एक अडचण होती, तिच्याकडे आपल्यासारख्यांचे लक्ष गेलेच पाहिजे. विम्याशिवाय हे काम सुरू होऊ शकत नव्हते, आणि युद्धाच्या पाण्यात, गंजलेल्या जहाजाला लागून उभे राहणाऱ्या टँकरचा विमा कोण उतरवणार? लंडनच्या बाजारात दलालांनी अनेक विमा कंपन्यांकडून थोडी थोडी जोखीम गोळा करून तो विमा उभा केला. २५ जुलै २०२३ रोजी तेल उपसायला सुरुवात झाली आणि ११ ऑगस्टला संपली. पाच वर्षे वाद आणि अठरा दिवस काम! नव्या जहाजाचे नाव ‘येमेन’ ठेवण्यात आले. तळाचा गाळ आणि त्यात मिसळलेले थोडे तेल जुन्या जहाजात राहिले. तेल कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशीही सुटलेला नव्हता.

जालन्याच्या दुकानापर्यंत

त्यानंतर तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ पासून, गाझाच्या युद्धाचे कारण सांगून हुथींनी तांबड्या समुद्रातील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली. युरोपच्या मालाला दहा ते पंधरा दिवस जास्त लागू लागले आणि भाडे भडकले. मार्च २०२४ मध्ये ‘रुबीमार’ हे जहाज सुमारे २१ हजार टन खतासह बुडाले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘सौनियन’ या ग्रीक टँकरला आग लावण्यात आली. त्यात सुमारे दहा लाख पिंपे कच्चे तेल होते, म्हणजे ‘साफेर’च्या जवळपास. तेथेही अखेर ओढबोटींना जवळ येऊ द्यायला आग लावणारेच राजी झाले आणि सप्टेंबरात जहाज सुरक्षित पाण्यात नेले गेले. जुलै २०२४ मध्ये इस्रायलने हुदैदा बंदरातील इंधनाच्या टाक्यांवर बाँब टाकले, आणि १७ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने रास ईसाच्या इंधन बंदरावर हल्ला केला. सत्तरहून अधिक माणसे मारली गेल्याचे हुथींच्या आरोग्य खात्याने सांगितले.

या सगळ्याचा हिशेब माझ्या वहीत कसा उतरला ते पाहा. २०२४ च्या रमजान ईदसाठी मुंबईच्या एका निर्यात पेढीमार्फत कुर्त्याचा कपडा जेद्द्याला पाठवला होता. माल वळसा घालून, मधल्या एका बंदरात उतरून, ईद झाल्यावर पोचला. गिऱ्हाइकाने भाव पाडून घेतला. मी विम्याचा कागद काढला. विमा पूर्ण होता, हप्ता भरलेला होता, आणि एक पैसाही मिळाला नाही. विमा कंपनीची चूक नव्हती. कागदात स्पष्ट लिहिले होते, मीच वाचले नव्हते. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी बारीक अक्षरे वाचायचा कंटाळा येतो, पण तो कंटाळा महाग पडतो. म्हणून जे नंतर शिकलो ते सांगतो.

समुद्री मालाच्या विम्याची अ, ब, क अशी तीन कलमपत्रे सर्वत्र चालतात. ‘अ’ सर्वांत व्यापक, ‘क’ सर्वांत तोकडे. आग आणि स्फोट तिन्हींत धरलेले आहेत. पण उशिरामुळे झालेले नुकसान तिन्हींत वगळलेले आहे, मग तो उशीर कोणत्याही कारणाने का असेना. हंगामी माल पाठवणाऱ्याने हा वाक्यांश आधी शोधावा. दुसरे, युद्ध तिन्हींत वगळलेले आहे. ‘अ’ला सर्व जोखमींचा विमा म्हणतात म्हणून युद्धही त्यात आले असे समजू नये. त्यासाठी वेगळे कलम, वेगळा हप्ता. आणि ते वेगळे कलमही माल समुद्रात जहाजावर असेपर्यंतच चालते. उतरण्याच्या बंदरात जहाज पोचून पंधरा दिवस झाले, किंवा त्याआधी माल उतरला, की ते संपते. बंदरातल्या गोदामात बाँब पडला तर युद्धाचा विमा घेतलेला व्यापारीही हात चोळत बसेल. हुदैदाच्या टाक्या जमिनीवर होत्या, हे लक्षात घ्यावे.

तिसरी गोष्ट जनरल अ‍ॅव्हरेजची, हिची माहिती आपल्याकडे फारच कमी आहे. जहाज संकटात सापडले आणि कप्तानाने सर्वांना वाचवण्यासाठी काही माल समुद्रात फेकला, किंवा ओढबोट बोलावून मोठा खर्च केला, तर तो खर्च जहाजवाला आणि त्या जहाजावर ज्यांचा ज्यांचा माल आहे ते सगळे किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमच्या पेटीला धक्काही लागलेला नसला तरी वाट्याची हमी दिल्याशिवाय पेटी सुटत नाही. हा वाटा तिन्ही कलमपत्रांत विमा कंपनी भरते. विमाच नसेल तर स्वतःच्या खिशातून. तेव्हा गिऱ्हाईक ओळखीचे आहे, माल थोडा आहे, म्हणून विमा टाळणाऱ्यांनी हा धोकाही मोजावा.

आणि दर कोणत्या अटीवर ठरला ते पाहावे. एफ.ओ.बी. म्हणजे माल जहाजावर चढला की पुढची जोखीम गिऱ्हाइकाची. सी.आय.एफ. मध्ये भाडे आणि विमा आपण भरायचा, आणि करारात जास्त काही लिहिलेले नसेल तर ‘क’ दर्जाचा तोकडा विमा उतरवला तरी रिवाजाप्रमाणे चालतो. माल जहाजावर चढल्यापासूनची जोखीम येथेही गिऱ्हाइकाचीच असते, पण उधारीचा माल वाटेत बुडाला आणि गिऱ्हाईकच हलके निघाले तर त्या तोकड्या विम्याचा फटका फिरून आपल्याकडे येतो. भाडे अचानक वाढले तर सी.आय.एफ. वाला मारला जातो, कारण दर आधी ठरलेला असतो. २०२४ च्या सुरुवातीला असेच अनेक जण सापडले. जालन्याजवळ दिनेगावला ड्राय पोर्टची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, तेव्हापासून आपल्याकडचे कारखानदार आणि व्यापारी थेट निर्यातीची भाषा बोलू लागले आहेत. पेटी जालन्यात भरली तरी तिला न्हावा शेवा, आणि पुढे जेद्द्याला किंवा युरोपला जायचे तर बाब अल-मंदब तरी ओलांडावे लागते किंवा आफ्रिकेचा वळसा तरी घ्यावा लागतो.

माझा जेद्द्याचा माल सी.आय.एफ. होता, विमा ‘क’ दर्जाचा आणि युद्धाचे कलम नव्हते. या वर्षीच्या पहिल्या सौद्याच्या वेळी मी पेढीकडून विम्याचा मसुदा आधी मागून घेतला, आणि मुलाला शेजारी बसवून एकेक ओळ मराठीत सांगायला लावली. दोन तास लागले. सौदा एफ.ओ.बी. वर केला.